अकेशियाखालचा सडा

संपादक महोदय,

खाणींचे मातीचे ढीग आणि जांभ्या दगडाचे उघडे सडे, म्हणजे खडकाळ पठारे, लवकर हिरवे दिसावेत म्हणून गोव्यात मोठ्या प्रमाणावर लावलेली ऑस्ट्रेलियन अकेशिया आता वनमहोत्सवाच्या निमित्ताने पुन्हा चर्चेत आली आहे. या झाडाची स्पर्धा केवळ उन्हापाण्यासाठी नसते, तर ते ज्या जमिनीवर ही स्पर्धा होते ती जमीनच बदलते. त्याच्या मुळांवरील गाठींमधील जिवाणू हवेतील नायट्रोजन मातीत आणतात आणि सावकाश कुजणाऱ्या पानांचा जाड थर खाली साचतो. ढिगाऱ्यांवर हे उपकारक असेलही. सड्यावर मात्र नाही. पावसाळ्यात सड्यावर फुलणारी सीतेची आसवे किंवा दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती निकस मातीमुळेच तेथे टिकून असतात, कारण नायट्रोजनची उणीव त्या कीटकांतून भरून काढतात आणि उंच गवताशी त्यांना झगडावे लागत नाही. माती सकस झाली आणि वर सावली आली की त्यांचा हा लाभ संपतो. शिवाय अकेशियाच्या बिया पक्षी दूरवर नेतात, हे वेगळेच.

सगळी झाडे एकदम तोडण्याची मागणी मात्र मला घाईची वाटते, कारण मोकळ्या झालेल्या जागेत रानमोडी हे झपाट्याने पसरणारे तण आधी घुसते. टप्प्याटप्प्याने विरळणी करून ढिगाऱ्यांवर करवंद, चुर्ण, जांभूळ यांना जागा द्यावी आणि मोकळ्या सड्यांवर वन खात्याने यंदा कोणतेच झाड लावू नये, अशी विनंती आहे.

– एक वाचक, डिचोली