‘राजा’ जहाजावरची गोधडी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, तुझ्या कामाचा विषय आहे, म्हणून आधी गोधडी. बाबा, कायद्याचं पुढे येईल.

एप्रिल १८४१ मध्ये ‘राजा’ नावाचं जहाज (नाव आपलं, जहाज इंग्रजांचं!) इंग्लंडमधल्या वुलिचहून १८० कैदी बायका घेऊन निघालं आणि १९ जुलैला ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टला लागलं. या बेटाला तेव्हा व्हॅन डीमन्स लँड म्हणत. बहुतेकींचा गुन्हा म्हणजे किरकोळ चोरी.

तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने अशा प्रत्येकीला एक पिशवी दिली होती: १०० सुया, टाचण्या, अंगुस्तान, कात्री, पांढऱ्या-रंगीत दोऱ्यांचे गुंडे आणि दोन पौंड, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम चिंध्या. रिकामे हात भांडणं काढतात हा एक हिशेब. शिवलेलं विकून उतरताना गाठीला चार पैसे, हा दुसरा.

त्यातून झालेली गोधडी साधारण सव्वातीन मीटर लांब-रुंद, तुकडे २,८१५. मधल्या चौकात छापील छिटातून कापलेले पक्षी आणि फुलं. अशा कापाच्या कडा दुमडल्या नाहीत तर दोरे सुटतात, हे तुला सांगायला नको. आपल्यासारखे लुगड्यांचे थर मात्र नाहीत. आत कापूस नाही, मागे अस्तर नाही. काही टाके सुबक, काही अगदी शिकाऊ. सुई टोचलेल्या बोटांचे रक्ताचे ठिपकेही आहेत.

बाबा, आधीच्या शतकात घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तर फाशी होती. म्हणून ज्युरी मुद्दाम ३९ शिलिंग किंमत लावत. मग शिक्षा बहुधा सात वर्षं समुद्रापार. पण परतीचं भाडं सरकार देत नसे. पुरुष खलाशी म्हणून राबत परतू शकत, बायकांना ती वाट नव्हती. सात वर्षं ही कागदावरचीच, खरी जन्मठेप.

होबार्टला काहींना घरकामाला देत, उरलेल्या कॅस्केड्सच्या कोठीत, म्हणजे बायकांच्या तुरुंगात. तिथे पूर्वी दारूची भट्टी होती. दरीत, ओढ्याकाठी, ऊन कमी, भिंतींना कायम ओल. शिक्षेच्या वर्गातल्या बाईच्या जाकिटाच्या पाठीवर, बाहीवर आणि परकराच्या मागे पिवळा ‘सी’ शिवलेला. घरकामाला असताना लग्नाविना दिवस गेले तर तिला परत कोठीत पाठवत. मूल अंगावरून तोडलं की ते पाळणाघरात, आई सहा महिने शिक्षेच्या वर्गात. त्या ओलीत, गर्दीत कितीतरी पोरं दगावली. मालकाला कोणी विचारत नसे.

गोधडी फ्रायबाईंच्या मंडळासाठी भेट होती. १९८७ मध्ये ती एडिंबरात एका माळ्यावर सापडली. आता कॅनबराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, पण उजेडाने कापड विरतं म्हणून क्वचितच मांडतात. तूही आजीच्या गोधडीला दिवसभर कडक ऊन दाखवू नकोस. तासभर सावलीतला वारा पुरे.

तुमची लेक