टॅलीत पडून असलेली बिलं कामाला लावणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पाठवूनही भागलं असतं. पण जिंतूर, सेलू, मानवतकडच्या इतर कृषी सेवा केंद्रवाल्यांच्याही वाचण्यात यावं म्हणून हे उघडपणे लिहितोय. तुम्ही आमच्याकडे टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, सांभाळायला आलात. बिलं चढवायची, जीएसटीची माहिती सीएंकडे पाठवायची, एवढंच काम ठरलं होतं. केलंत त्याहून बरंच जास्त, आणि पुण्याला नोकरी लागून तुम्ही गेलात तेव्हा आभार मानायचे राहूनच गेले.

बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा, खत नियंत्रण आदेश १९८५ चा. या दोन्हींमुळे पावती देणं आम्हाला बंधनकारकच. बियाण्याच्या पावतीवर लॉट नंबर, म्हणजे त्या खेपेचा नंबर, टाकतो, फवारणीच्या औषधाच्या बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी. म्हणजे कोणत्या गावच्या कोणी, कोणतं वाण, कधी नेलं हे सगळं दुकानात होतंच. पण ते होतं तपासणीला साहेब आले तर दाखवण्यापुरतं.

तुम्ही आधी गावांची नावं हाती घेतलीत. ‘बोरी’, ‘मु. पो. बोरी’, ‘बोरी ता. जिंतूर’ ही कॉम्प्युटरच्या लेखी तीन गावं! ज्ञानोबा, ज्ञानबा आणि ज्ञानोबाराव अशी तीन खाती, माणूस एकच. टाईप करणं बंद करून तुम्ही गावांची ठरलेली यादी लावलीत, बिल करताना त्यातूनच निवडायचं. मोबाईल नंबरवरून खाती जुळवायला गेलात तर बाप, लेक, चुलता सगळ्यांचा नंबर एकच निघाला. मग खातं माणसाचं न धरता घराचं धरलंत. आपल्याकडे उधारीही घराचीच असते, त्यामुळे ते चपखल बसलं. हे काम कंटाळवाणं होतं. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी नुसती स्पेलिंग सुधारत बसलीये.

उधारीचं तर काय सांगू. टॅली सांगते तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस. जूनमध्ये बियाणं नेलेला सोयाबीनवाला दिवाळीच्या आसपास माल आडतीवर घालतो तेव्हा पैसे देतो. तुरीवाल्याचे जानेवारी-फेब्रुवारीत येतात. तीस दिवसांच्या हिशेबाने अख्खा तालुका थकबाकीदार! तुम्ही खात्यात पिकाचा एक रकाना वाढवलात, आणि खरी थकबाकी वेगळी निघाली: ज्याचं पीक विकून झालं तरी बाकी तशीच आहे, तो. फोन आता त्यालाच जातो. तूर शेतात उभी असलेल्याला दारात गाठून आम्ही संबंध बिघडवत नाही.

पण मनापासून आभार त्या सोयाबीनच्या लॉटसाठी. उगवण झाली नाही म्हणून चारठाण्याकडून तक्रार आली. दुकानात आवाज चढला होता. तुम्ही तो लॉट नंबर टाकून, ते बियाणं नेलेल्या सगळ्यांची यादी गावासकट काढलीत. ज्यांची पेरणी व्हायची होती त्यांना आधी फोन लावले: थांबा, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा, सत्तरच्या वर आली तरच पेरा. ज्यांची पेरणी झाली होती त्यांना विचारलंत, कधी पेरलं, उगवलं का. मग महारेन या सरकारच्या पावसाच्या नोंदींच्या साईटवरून महसूल मंडळनिहाय पाऊस काढून तारखांशेजारी लावलात. बोरीकडे तोच लॉट चांगला उगवला होता. तिथे पेरणीआधी पुरेसा पाऊस पडला होता. तक्रारी होत्या त्या पट्ट्यात मात्र लोकांनी पहिल्या सरीवरच तिफण घातली होती. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ते आम्हीही सांगतो, पण कोण ऐकतं! त्या दिवशी कागद समोर ठेवल्यावर ऐकलं. कंपनीला कळवलं तेही हाच कागद जोडून.

तुमची एक सवय तेव्हा मला खटकायची. मी रिपोर्ट मागितला की तुम्ही विचारायच्या, “काका, हे कळलं तर उद्या दुकानात काय वेगळं कराल?” उत्तर नसलं तर रिपोर्ट नाही. काउंटरमागे टीव्ही लावून त्यावर रंगीत आलेख दाखवायची माझी हौस तुम्ही याच प्रश्नावर मोडीत काढलीत. उलट एक्स्पायरी जवळ आलेल्या औषधांची यादी मी न मागता दर सोमवारी टेबलावर असायची, कारण कंपनी माल परत घेते तो मुदत संपायच्या आत.

एका कंपनीचा प्रतिनिधी शेतकऱ्यांच्या नंबरांची यादी मागायला आला, तेव्हा मी द्यायला निघालो होतो असं नाही, पण नकार द्यायला संकोच होत होता. तुम्ही सरळ सांगितलंत की नंबर बिलासाठी घेतलेत, आणि २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याचं नावही काढलंत. चहा घेऊन गेला बिचारा.

आता धाकटा पुतण्या बसतो तुमच्या जागेवर. हरभऱ्याच्या बियाण्यासोबत ट्रायकोडर्मा (बियाण्याला चोळायची मित्रबुरशी) कोणी नेलं, त्याची नोंद यंदा तो ठेवतोय. झाडं वाळवणाऱ्या मर रोगाची तक्रार आली की ‘शेरा’च्या रकान्यात लिहितो. दोन्ही जुळवून कसं बघायचं ते त्याला नीट जमत नाहीये. फाईल पाठवतो, रविवारी वेळ असला तर त्याला फोनवर समजावून सांगा. तुमचे मनःपूर्वक आभार, आणि काकूंनी कळवायला सांगितलंय की सुट्टीला गावी याल तेव्हा जेवायला आमच्याकडेच यायचं.

तुमचा,
दुकानवाला काका