ढेकणांसाठी हवा नव्हे, भिंत तापली पाहिजे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की ‘फवारणी नाही, वास नाही, ढेकूण एका दिवसात साफ’ अशा जाहिराती सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरू लागतात. घर तापवून ढेकूण मारण्याची पद्धत खरी आहे आणि नीट केली तर फवारणीपेक्षा सरस आहे. पण ती नावारूपाला आली परदेशातल्या लाकडी सांगाड्याच्या, पोकळ भिंतींच्या घरांत. आपली घरे विटा-काँक्रीटची. हा फरक लक्षात न घेता काम उरकले जाते आणि पंधरा दिवसांनी चादरीच्या शिवणीवर शाईच्या थेंबासारखे काळे ठिपके पुन्हा दिसू लागतात. पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे, हे वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

पायरेथ्रॉइड गटातल्या नेहमीच्या फवारणीला ढेकूण जगभर दाद देईनासे झाले आहेत, आपल्याकडेही. शिवाय अंड्यांवर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. उष्णतेला मात्र सरावता येत नाही. प्रौढ ढेकूण 48 अंश सेल्सिअसच्या आसपास लगेच मरतो. 45 अंशांवर त्याला दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. अंडी चिवट असतात. 48 अंशांवर ती मरायला सुमारे सव्वा तास लागतो, 55 अंशांवर ती तत्काळ जातात. म्हणून खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात किमान 50 अंश तापमान येऊन ते दोन तास टिकले, तरच काम झाले असे म्हणता येते. मधल्या टेबलावरचा तापमापक 58 दाखवतो याला काही अर्थ नाही.

एक हिशेब करून पाहा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यातली हवा 30 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला जेमतेम पाव युनिट वीज लागते. पण भिंती, फरशी आणि छत यांचा नुसता वरचा पाच सेंटीमीटरचा थर तेवढाच तापवायचा तर 30 युनिटांच्या घरात वीज खर्च होते. ढेकूण दडलेले असतात ते याच थराला चिकटून: स्कर्टिंगच्या मागे, स्विचबोर्डच्या पेटीत, भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपात, खिळ्यांच्या भोकांत, खिडकीच्या सरकत्या पट्टीखाली. हवा तासाभरात गरम होते, भिंत होत नाही. त्यामुळे तीन-चार तासांत खोली मोकळी करून देतो म्हणणाऱ्याला आपल्या बांधकामात काम देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका खोलीला आठ ते दहा तास धरून चालावे. हे काम एप्रिल-मेमध्ये करणे शहाणपणाचे, कारण भिंती आधीच 32-33 अंशांवर असतात. जानेवारीत उत्तरेकडच्या भिंतीपासून सुरुवात करायची म्हणजे तास दोन तास जास्तीचे.

एवढ्या उष्णतेसाठी एका खोलीला नऊ-दहा किलोवॉटचे हीटर लागतात. घरातला 16 अँपिअरचा सॉकेट साडेतीन किलोवॉटच्या आसपास देतो आणि लहान फ्लॅटचा मंजूर भार एकूणच या नऊ-दहा किलोवॉटच्या बराच खाली असतो. म्हणून जनरेटर किंवा थ्री-फेजची वेगळी जोडणी हवी. एकाच बोर्डावर तीन हीटर लावणारा माणूस दिसला तर काम तिथेच थांबवा, जुन्या चाळीत तर नक्कीच. घरचे ब्लोअर लावून हा प्रयोग स्वतः कोणीही करू नये. खोली पुरेशी तापत नाही, ढेकूण शेजारच्या खोलीत सरकतात आणि वायर वितळून आग लागण्याचा धोका असतो तो वेगळाच.

हीटरइतकेच पंखे महत्त्वाचे. उष्ण हवा छताला जाऊन बसते आणि ढेकणांना फरशी-भिंतीचा सांधा थंड मिळतो. जमिनीवर ठेवलेल्या जोरदार पंख्यांनी हवा सतत खाली आणि कोपऱ्यांत ढकलावी लागते; दर तासाला पंख्यांची दिशा बदलावी लागते. दाराखालची फट, एसीच्या पाइपाचे भोक, मोरीच्या नळीची जागा आधी बंद करायची. दहा-बारा सेन्सर लावायचे: एक गादीच्या पोटात, एक बॉक्स बेडच्या तळाशी, एक कपाटामागे, एक स्विचबोर्डाच्या पेटीत, दोन-तीन बाहेरच्या भिंतीच्या स्कर्टिंगपाशी. नुसती इन्फ्रारेड गन फिरवून चालत नाही. ती पृष्ठभाग मोजते, गादीचे पोट नाही. सर्वांत मागे राहिलेल्या सेन्सरने 50 ओलांडले की दोन तासांचे घड्याळ तिथून सुरू होते. प्रत्येक सेन्सरचा वेळेनुसार तक्ता काम संपल्यावर लेखी मागून घ्या.

आपल्या घरातली खरी डोकेदुखी म्हणजे कापूस. कापसाची गादी आणि गोधड्यांची चळत ऊब धरून ठेवण्यासाठीच केलेली असते, म्हणजेच बाहेरची उष्णता आत शिरू देत नाही. चळत मोडून गोधड्या दोरीवर सुट्या टांगाव्यात, गादी उभी करून दर तासाला फिरवावी. कपाटातले कपडे सैल पसरावेत, खण बाहेर काढावेत, पुस्तके उभी ठेवून पाने मोकळी करावीत. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून खोलीत ठेवणे सर्वांत वाईट. आतला गठ्ठा थंडच राहतो आणि अंडी सुखरूप.

बाहेर काय काढायचे हेही महत्त्वाचे. गॅस सिलिंडर सर्वांत आधी. मग लायटर, दाबाचे स्प्रे, सॅनिटायझर, पॉवर बँक, इन्व्हर्टरची बॅटरी, मेणबत्त्या, औषधे (इन्सुलिन विसरू नका), कुंड्या, माशांची टाकी, तबला-सतार-हार्मोनिअम. पार्टिकल बोर्डच्या फर्निचरची कडेची पट्टी सुटू शकते, पीव्हीसीचे फॉल्स सीलिंग वाकू शकते. हे आधी दाखवून लिहून घ्यावे. उंच इमारतीत छताला स्प्रिंकलर असतील तर त्यांच्या काचेच्या नळीचा रंग पाहा. नारिंगी 57 अंशांना फुटते, लाल 68 अंशांना. छताजवळ हवा सर्वांत तापलेली असते, त्यामुळे स्प्रिंकलर उष्णतारोधक आवरणाने झाकल्याशिवाय आणि सोसायटीला कळवल्याशिवाय हीटर सुरू करू नये.

उष्णता मागे काहीच ठेवत नाही. तिचा हा गुणही आणि उणेपणही. संध्याकाळी प्रवासाच्या बॅगेतून एक मादी आली तर तिला अडवायला घरात काही नसते. म्हणून हीटर लावण्यापूर्वी स्कर्टिंगच्या फटीत आणि भिंतीतल्या पाइपांच्या तोंडाशी सिलिका किंवा डायटोमेशियस मातीची अगदी बारीक धूळ मारून घ्यावी. स्विचबोर्डापाशी हे मेन स्विच बंद करूनच करावे. तापलेल्या खोलीतून पळणारे ढेकूण या धुळीतून जातात, तिने त्यांच्या अंगावरचा मेणाचा थर शोषला किंवा खरवडला जातो आणि ते सुकून मरतात. शेजारचा फ्लॅटही तपासावा लागतो. भिंत एकच असेल तर ढेकणांना दोन घरे वेगळी नसतात.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठीही उष्णताच कामाची आहे. 60 अंशांच्या पाण्यात कपडे धुवावेत, किंवा ड्रायर असेल तर मोठ्या आचेवर अर्धा तास फिरवावेत. पलंगाच्या सांध्यांवर वाफेचे यंत्र चालवताना यंत्राच्या तोंडाला फडके बांधावे, नाहीतर वाफेच्या झोताने ढेकूण उडून दुसरीकडे पडतात. हातभर शिवणीला अर्धा मिनिट इतक्या सावकाश हात फिरवावा. बाजेच्या वेणीत उकळते पाणी ओतायची जुनी रीत योग्यच होती. उन्हात गादी टाकण्यावर मात्र विसंबू नये. विदर्भातल्या मे महिन्यातही वरची बाजू पोळते आणि खालची थंड राहते, ढेकूण तेवढे अंतर सहज चालून जातात. आणि धान्यातल्या किडीसाठीच्या ‘सल्फास’च्या विषारी गोळ्या घरात कधीही, कोणीही ठेवू नयेत. त्यातून सुटणारा फॉस्फीन वायू भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसांचाही जीव घेतो. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण छापलेल्याच असतात.

काम झाल्यावर, ढेकूण अडकावेत म्हणून, पलंगाच्या पायांखाली खोलगट वाट्या ठेवाव्यात. आपल्याकडची उष्ण कटिबंधातली जात गुळगुळीत प्लास्टिकवरही चढू शकते, म्हणून वाटीच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर लावावी. अंडी साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात. त्यामुळे चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी टॉर्च घेऊन तपासणी ठरवूनच टाकावी आणि ती कंत्राटात लिहून घ्यावी. बाहेर काढलेल्या वस्तू परत आणतानाही तीच टॉर्च हवी. तबल्याच्या गवसणीची शिवण, औषधांच्या डब्याची बिजागरी, हार्मोनिअमच्या पेटीचा तळ न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशीवर उलटून पाहावा, तिळाएवढा सुद्धा ढेकूण तिथे लगेच दिसतो.

आपले,
कीडनियंत्रणाचे काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे