रंगकामाआधी चिमण्यांच्या घरट्यांची सोय करण्याबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
शाहूपुरी, सातारा.

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या सभेत इमारतीच्या बाहेरच्या रंगकामाचा ठराव झाला. भिंतींच्या भेगा भरणे, एसीच्या पाइपांची जुनी भोके बुजवणे आणि डक्टला जाळ्या लावणे हेही त्यात आहे. कामाला माझा विरोध नाही, पावसाळ्याआधी ते व्हायलाच हवे. पण त्यातल्या बऱ्याच भोकांत चिमण्यांची घरटी आहेत. ए विंगच्या मागे सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर चोचीत काड्या घेऊन त्यांची ये-जा दिसते.

चिमणीला घरट्यासाठी आडोशाची पोकळी लागते. आपल्या जुन्या पेठांतल्या वाड्यांत ती कौलांखाली, वाशांच्या फटीत, माजघरातल्या तसबिरींमागे मिळायची. सिमेंटच्या इमारतीत अशा जागा फारच थोड्या, आणि त्याही आपण ऐन विणीच्या हंगामात बंद करणार आहोत. अंडी उबायला साधारण बारा-तेरा दिवस लागतात आणि त्यानंतर पिल्ले उडायला आणखी दोन आठवडे. एप्रिलमध्ये भोकात सिमेंट भरले, तर आत पिल्ले जिवंत कोंडली जातील. हे कोणालाच नको असणार, म्हणून आधीच लिहीत आहे.

माझी विनंती अशी, की फेब्रुवारी संपण्याआधी पूर्वेच्या छज्जाखाली आणि वॉचमनच्या केबिनच्या भिंतीवर लाकडी घरटी बसवू द्यावीत. चिमण्या शेजारी-शेजारी राहतात, त्यामुळे चार-पाच घरटी एका ओळीत चालतील. जमिनीपासून दहा फुटांच्या आसपास, मांजर पोचणार नाही अशा जागी ती लावावीत. तोंड पश्चिमेला नको. आपल्याकडे पावसाची झोड तिकडूनच येते आणि दुपारचे ऊनही. लाकूड निदान पाऊण इंच जाडीचे असावे. पातळ प्लाय पावसात फुगतो, तर पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात मे महिन्यात पिल्ले भाजून निघतील. आतून रंग-पॉलिश नको, तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे आणि वर उघडता येईल असे झाकण असावे. पावसाळा सरल्यावर घरटे रिकामे असल्याची खात्री करून जुने गवत काढून टाकता येते. बाजारातल्या घरट्यांना दाराखाली एक दांडी असते, ती काढून टाकायची. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र तिच्यावर बसून पिल्ले ओढता येतात.

कबुतरे वाढतील, अशी शंका सभेत नक्की निघेल. पण दार ३२ मिलिमीटरचेच ठेवायचे आहे. त्यातून चिमणी जाते, कबुतर काय, साळुंकीही जात नाही. डक्टच्या जाळ्या खुशाल लावाव्यात, फक्त आधी आत चालू घरटे नाही ना हे पाहावे.

बागेतल्या आंब्यावर दयाळ पक्ष्यासाठी मोठ्या दाराचे एखादे घरटे लावावे असे मला वाटते. तिथे साळुंकीने बस्तान मांडले तरी हरकत नसावी. बुलबुल आणि शिंपी हे पक्षी अशा लाकडी घरट्यांत येत नाहीत, त्यांना दाट झुडूप लागते. म्हणून मेंदीच्या कुंपणाची छाटणी पावसाळ्यानंतर करावी. गुलमोहराची कंपाउंडकडची वाळकी फांदीही, खाली गाड्या किंवा वाट नसल्यामुळे, तशीच ठेवता आली तर फार बरे. तांबट पक्षी अशाच वाळक्या लाकडात भोक कोरतो आणि त्याने सोडलेली भोके पुढे इतर पक्षी वापरतात.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. मोठ्या चिमण्या दाणे खातात, पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवतात. बागेत दर महिन्याला होणारी कीटकनाशकाची फवारणी मार्च ते जुलै थांबवली नाही, तर कितीही घरटी लावली तरी पिल्ले उपाशी राहतील.

लाकूड आणि सुताराचा खर्च आम्ही काही सभासद मिळून करू, मेंटेनन्सवर त्याचा भार नको. दरवर्षीच्या साफसफाईची जबाबदारी मी घेते. समितीकडून फक्त भिंतीला स्क्रू मारण्याची परवानगी हवी आहे. शिवाय, चालू घरटे असलेले भोक पिल्ले उडून गेल्यावरच बुजवावे, अशी अट ठेकेदाराच्या करारात घालावी. कराराचा मसुदा अजून तयार झालेला नाही असे कळते, म्हणून येत्या बैठकीत हा विषय घ्यावा ही विनंती. भोके दाखवायला मी ठेकेदाराबरोबर फिरेन.

कळावे,
आपली विश्वासू,
सभासद, बी विंग