चवथीच्या आधीचं पत्र

म्हापसा
रविवार

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घरात आपण जन्मभर कोंकणी बोललो आणि पत्रं मात्र मराठीत लिहिली. आजोबांचं तसंच होतं, बाबा, तुम्ही आत्येला लिहायचात तेही तसंच. हे मला फोनवर बोलता येईना. तुम्ही दुपारी आडवे झालात की आई पडवीच्या टोकाला जाऊन मला फोन करते. दबक्या आवाजात बोलते आणि तुमची चाहूल लागली की "बरें तर" म्हणून ठेवून देते. तीन महिने झाले. माझ्या आईने माझ्याशी चोरून बोलावं हे आता सहन होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी फोंड्याच्या लग्नाचं लिहितो. त्या दिवशी मी रेशमी लांब कुडता घातला होता आणि पायांत ते काळे टाचेचे बूट. कोणाला चिडवायला नाही. घरचं लग्न, म्हणून माझ्याजवळचं सगळ्यात चांगलं ते घालून आलो होतो. काका हॉलच्या दारातच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बायलांच्यो व्हाणो घालून आयला पळय." चारजण हसले. बाबा, तुम्ही हसला नाहीत. माझ्या पायांकडे एकदा पाहिलंत, मान फिरवलीत आणि अक्षता पडल्यावर न जेवता निघून गेलात. हसणाऱ्यांचं मला तेव्हाही फारसं काही वाटलं नव्हतं. तुम्ही उपाशी घरी गेलात, ते अजून सलतं.

त्या बुटांविषयी तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी सांगतो. दुकानांत बायकांच्या हील्स फार तर सात-आठ नंबरापर्यंत मिळतात, मला दहा लागतो. म्हणून इथल्या बाजारात एका म्हाताऱ्या मोच्याकडे गेलो. त्याने कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिलीने कड काढली आणि एवढंच विचारलं, "टाच किती?" मी तीन इंच म्हटलं. तो म्हणाला, "सवय नसेल तर अडीच बस झाली." त्याच्याकडे एवढ्या लांबीचा बायकी फर्मा, म्हणजे बूट ज्यावर बेततात तो साचा, नव्हता आणि पुरुषी फर्म्यावर उंच टाच नुसती ठोकून भागत नाही. पाऊल पुढे घसरतं आणि बोटं चेंगरतात. म्हणून त्याने फर्म्याच्या तळाचा बाक बदलून घेतला, कमानीखाली पोलादी पट्टी घातली आणि टाच चामड्याचे थर एकावर एक चिकटवून उभी केली. रापीने तिच्या कडा तासताना मी समोर स्टुलावर बसून होतो. दोनदा घालून बघायला बोलावलं. हे कोणासाठी, कशासाठी, असं त्याने एकदाही विचारलं नाही. त्याला चांगला बूट करायचा होता.

आई, तू फोनवर दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, गुडघ्यांचं काय. तुझी काळजी खरी आहे. उंच टाचेत बराचसा भार चवड्यावर येतो आणि रोज तासन् तास घातलं तर पोटऱ्यांचे स्नायू आखडतात. मी रोज घालत नाही. समारंभाला, कधी संध्याकाळी पणजीला मांडवीकाठी फिरायला जाताना, तेही दोन-तीन तास. घरी आलो की पोटऱ्या ताणून घेतो. बायका वर्षानुवर्षं हे दुखणं मुकाट्याने सोसतात, हे मला स्वतः घातल्यावर कळलं.

दुसरा प्रश्न विचारताना तू अडखळलीस. "तू तसा आहेस का?" नाही आई. मी पुरुष आहे, मला बाई व्हायचं नाही. तुझ्या सुनेबरोबर माझा संसार सुखाचा आहे आणि ते बूट मी पहिल्यांदा घातले ते तिच्यासमोरच. पण "तसा" असतो तरी तुझाच मुलगा असतो. ज्यांना आपण "तसे" म्हणतो त्यांच्या वाट्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त येतं. घरं सुटतात, कामं सुटतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कपड्यांतून, बोलण्यातून, वागण्यातून आपण कोण ते सांगणं हेही घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असं स्पष्ट म्हटलं. मी त्यांच्यातला नाही, एवढं म्हणून बाजूला होणं मला जमणार नाही.

मग मी का घालतो? मला आवडतं. लहानपणापासून. उंच टाचेवर उभा राहिलो की पाठ सरळ होते, चाल बदलते, आणि मला मी बरा वाटतो. पैठणीच्या पदरावरून हात फिरवताना तुम्हाला जे व्हायचं ना बाबा, तसंच काहीतरी.

हो, मला ते आठवतं. मी सहा-सात वर्षांचा असेन. देवळाच्या जत्रेचं नाटक, शाळेच्या वर्गात रंगपट, बाकं भिंतीला सरकवलेली. सफेद्याचा आणि रॉकेलच्या बत्तीचा वास. तुम्ही दोनदा दाढी केलीत, मग हातांवरचे केसही काढलेत. अंगावर आईचा लग्नातला शालू. आई, तू ओठांत पिना धरून गुडघ्यांवर बसली होतीस आणि निऱ्या एकेक करून बसवत होतीस. आबोलीची फांतीही तूच माळलीस. मंगळसूत्र मात्र तू तुझं दिलं नाहीस, ते खोट्या मण्यांचं होतं. आणि बाबा, तुम्ही त्या वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून बघत होतात. नव्याने स्त्रीपार्ट करायला आलेल्या एका पोराला सांगत होतात, टाच आधी नको, चवडा आधी टेक, म्हणजे कंबर आपसूक वळते. मुद्दाम वळवलीस तर सोंग दिसेल. आणि शेवटी म्हणालात, "प्रेक्षक हसला तर आपण हरलो."

त्या रात्री कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारची वैनी आईला विचारायला आली की यांनी पदर खांद्यावर घेतला तो कसा. बालगंधर्वांच्या साड्यांची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करायच्या, हे तुम्ही मला अभिमानाने सांगायचात. आपल्या मंगेशीत १९०० साली जन्मलेले मास्टर दीनानाथ तरुणपणी स्त्रीभूमिका करायचे, हेही तुमच्याच तोंडून ऐकलं. कला अकादमीत त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात पहिल्यांदा नेलंत तेव्हा दारातच चप्पल काढून तुम्ही हात जोडले होतेत.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. आईजवळ बोललातच. "मी रंगमंचावर बाई केली, पडदा पडला की धोतर नेसून घरी आलो. हा तर लग्नात तसाच हिंडतो." खरं आहे, दोन्ही गोष्टी एक नाहीत. तुम्ही बाईचं पात्र उभं करायचात. मी कुठलंच पात्र करत नाही. मिशी आहे, आवाज हाच आहे, फक्त पायांत मला आवडणारी वस्तू आहे. पण तेव्हा गावाला तुमची गरज का पडली, ते आठवा ना. आत्येचा गळा तुमच्यापेक्षा गोड होता, हे तुम्हीच म्हणता. तुमची सगळी पदं तिने माजघरात बसून तुमच्याकडून घोटून घेतली. तरी ती रंगमंचावर जाऊ शकली नाही, कारण घरंदाज मुलीने चेहऱ्याला रंग लावायचा नसतो. म्हणून तिचा भाऊ साडी नेसला आणि गावाने त्याला शाल-श्रीफळ दिलं. पुढे मंडळ बाहेरून नट्या आणू लागलं आणि तुम्ही थांबलात. त्या वर्षी तुम्ही जत्रेला गेलाच नाहीत. आईने शालू ट्रंकेत ठेवला तेव्हा तुम्ही पाठमोरे उभे होतात. मी बघत होतो.

हणजूणच्या किनाऱ्यावरचं हे गोऱ्यांचं फॅड आहे, असंही तुम्ही म्हणालात. उंच टाच मुळात इराणी घोडेस्वारांची. रिकिबीत पाय पक्का बसावा, उभं राहून बाण सोडता यावा, म्हणून. सतराव्या शतकात ती युरोपातल्या पुरुषांनी उचलली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं १७०१ सालचं प्रसिद्ध चित्र आहे, त्यात राजाच्या पायांत लाल टाचांचे बूट आहेत. पुढे अठराव्या शतकात पुरुषांनी ती सोडली आणि बायकांकडे ती राहिली. आणि कोणी काय नेसावं ते हुकमाने ठरवायचं म्हटलं तर ते आपल्या गोव्याने भोगलेलं आहे. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या पुरुषांना पुडवें, म्हणजे धोतर, आणि बायकांना चोळी बंद केली. हा इतिहास मला तुम्हीच शिकवलात, आणि शिकवताना तुमचा आवाज चढायचा.

आई, आता तुझी गोष्ट. तू लुना शिकलीस आणि शाळेत जायला पंजाबी ड्रेस घालू लागलीस, तेव्हा गावात काय काय बोललं गेलं ते तू विसरली नसशील. मास्तरीण असून पायजमा घालते, नवऱ्याला विचारत नाही. देवळाच्या कट्ट्यावर कोणीतरी बाबांना टोकलं, तेव्हा बाबा, तुम्ही म्हणालात, "साडी चाकात अडकून ती पडली तर उचलायला तुम्ही येणार?" विषय तिथेच संपला. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता! पॅरिसमध्ये १८०० साली बायकांना परवानगीशिवाय पँट घालायला बंदी करणारा हुकूम निघाला, आणि तो रद्दबातल असल्याचं सरकारने जाहीर केलं ते २०१३ साली. तोपर्यंत जगभरच्या बायका पँट घालून कामाला लागल्या होत्या. आज तुमची नात बाय माझे जुने शर्ट घालून क्लासला जाते, त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. उलट कौतुक होतं, पोरगी धीट आहे म्हणून.

मग माझ्याच वेळी तुमचं नाक का कापलं गेलं? मुलीने पुरुषाचं घातलं की ती वर चढली, आणि मुलाने बाईचं घातलं की तो खाली आला. "बायल्या" हा शब्द बाबा, तुम्ही आईकडून निरोपात पाठवलात. त्यात बाईलच आहे ना. ज्या बाईने पिना ओठांत धरून तुमच्या निऱ्या बसवल्या, तिच्याच तोंडून तुम्ही मला तो शब्द पाठवलात. तिने तो सांगितला आणि बराच वेळ गप्प राहिली. मला झालेल्या अपमानापेक्षा ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

गेल्या आठवड्यात बायने विचारलं, "आजोबा तुझ्याशी बोलत का नाहीत?" बारा वर्षांची आहे, थापा चालत नाहीत. मी बायकांसारखं काही घातलं म्हणून, हे उत्तर जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. कारण त्याचा अर्थ तिला काय लागला असता? की बाईसारखं असणं ही आजोबांना लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. तुमच्या लाडक्या नातीला हे माझ्या तोंडून कळू नये. मी तिला म्हटलं, आजोबांना विचार. ती चवथीला विचारणार आहे.

लहानपणी म्हार्दोळला म्हाळसेसमोर उभा राहून मी तुम्हाला विचारलं होतं, देवीच्या अंगावर जानवं कसं? तुम्ही मला खांद्यावर उचलून घेतलंत आणि सांगितलंत, ही मोहिनी, म्हणजे विष्णूच. अमृत वाटायला त्याने बाईचं रूप घेतलं, म्हणून साडीही आहे आणि जानवंही. आपली कुळदेवी आहे ती. दर वर्षी आई तिची ओटी भरते आणि तुम्ही साष्टांग नमस्कार घालता. मी देवाशी बरोबरी करत नाही, बाबा. पण ती गोष्ट सांगताना तुमच्या आवाजात संकोच नव्हता, एवढं मला लख्ख आठवतं.

चवथीला आम्ही तिघं आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचतो. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान इथल्या बाजारातून आणतो, कांगलां, घागऱ्यो आणि सुपारीचा शिपटो. तिथे मिळेल की नाही याचा घोर आईने करू नये. पूजेला नेहमीसारखा सोवळं नेसून तुमच्या शेजारी बसेन आणि आरतीला झांज धरेन. काका येतील, त्यांनाही नमस्कार करेन. त्यांनी काही म्हटलं तर उलट बोलणार नाही.

येताना ते बूट घालून येणार आहे. घरात शिरताना तर सगळ्यांचंच पायातलं बाहेर राहतं. आजवर दोनदा मी ते वळणावर गाडी थांबवून काढले, डिकीत टाकले आणि साध्या चपला घालून वर आलो. तुम्हाला हे माहीत नसेल. या वेळी पायरीवर काढेन आणि तुमच्या वहाणांशेजारी ठेवेन. तुम्हाला ते तिथे नको असतील तर तुम्ही स्वतः मला सांगा, आईकडून निरोप पाठवू नका. तेवढ्यासाठी तरी तुम्ही माझ्याशी बोलाल.

आईचं रक्तदाबाचं औषध संपत आलं असेल, घेऊन येतो.

तुमचा,
बाबू