वेलीला कोपरा नको, खिडकी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतलं घरातल्या झाडांचं पान वाचलं. फोटो सुंदर होते, पण एक फोटो बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. हॉलच्या पार आतल्या कोपऱ्यात, सोफ्याच्या मागे, खिडकी कुठे दिसतच नाही अशा जागी काळपट हिरव्या मखमली पानांची एक वेल ठेवलीये आणि खाली लिहिलंय, कमी उजेडातही छान वाढते. ती वेल म्हणजे फिलोडेंड्रॉन मेलॅनोक्रायसम. मी पुण्यात फ्लॅटमध्ये चार वर्षं ती सांभाळतेय आणि खरंच सांगते, त्या कोपऱ्यात ती नाही जगणार. पहिले काही आठवडे जुन्या पानांच्या जोरावर तग धरेल, मग पेरापेरातलं अंतर लांबत जाईल, पानं तळहाताएवढीसुद्धा येणार नाहीत आणि माणसाला वाटेल की आपल्या हाताला झाडच लागत नाही.

ही वेल कोलंबियातली, अँडीजच्या पायथ्याच्या ओल्या जंगलांतली. 1873 मध्ये तिचं शास्त्रीय नाव पडलं, ग्रीकमधून अर्थ काढला तर काळं सोनं. ती जमिनीवर पसरत नाही, मोठ्या झाडांच्या बुंध्याला हवेतली मुळं रोवून वर चढते आणि जसजशी चढते तसतशी पानं मोठी होतात, दोन फुटांपर्यंत. लहान पान आणि मोठं पान इतकं वेगळं दिसतं की एकेकाळी मोठ्या पानांच्या वेलीला वेगळंच नाव दिलं गेलं होतं. आपल्याला हे नवीन नाही खरं तर. गुहागरला माझ्या सासरी आंब्यावर मनी प्लांट चढलाय, खाली बाटलीतल्यासारखी पानं आणि वर बघाल तर सुपाएवढी. म्हणून या वेलीला काठी लागतेच, तीही ओली राहणारी. नुसती काथ्याची काठी आपल्याकडे उन्हाळ्यात दोन तासांत कोरडी होते, मी प्लास्टिकच्या जाळीत स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, भरून काठी केली आणि वरून हळूहळू पाणी सोडते, तेव्हा कुठे मुळं आत शिरली.

पण सगळ्यात जास्त वेली मरतात त्या मातीने. माझी पहिली वेल नर्सरीतून लाल मातीत आली, रोज पाणी घाला म्हणाले, मी भर जुलैमध्ये इमानेइतबारे रोज घातलं आणि पंधरा दिवसांत देठ खालून मऊ पडला. कुंडी उपडी केली तर माती चिकट गोळा झालेली, मुळांचं साल बोटात निघून आलं आणि नाल्यासारखा वास. फार वाईट वाटलं, कारण हयगय केली नव्हती, उलट जिवापाड जपलं होतं. जंगलात या मुळांना पाणी भरपूर मिळतं पण हवाही तेवढीच मिळते, आपण हवा बंद करतो. आता मी नारळाच्या सोडणाचे तुकडे, झाडाच्या सालीचे तुकडे, परलाइट (पांढरे हलके सच्छिद्र खडे), थोडा कोळसा आणि मूठभर गांडूळखत असं मिश्रण वापरते, बोट दोन पेरं आत घालून बघते, वरचं सुकलं असेल तरच पाणी. पावसाळ्यात कधीकधी आठ-दहा दिवस घालावं लागत नाही.

दुसरी गोष्ट हवेतला ओलावा. एप्रिलमध्ये माझ्या घरातल्या मीटरवर दुपारी 22 टक्के दिसतो आणि या वेलीला 60 च्या वर लागतो. नवीन पान येतं ना, ते आधी एका पातळ आवरणात गुंडाळलेलं असतं, मग लोंबत बाहेर येतं, तांब्यासारखं लालसर, ओल्या रेशमासारखं मऊ, आणि पुढचे दोन-तीन आठवडे काळं-हिरवं होत घट्ट होतं. हवा कोरडी असेल तर ते आवरणातच चिकटतं. मी एकदा घाईने नखाने सोडवायला गेले, पान मधोमध फाटलं, तो फाटका भाग अजून तसाच आहे. स्प्रे मारून उपयोग नाही, पाच मिनिटांत ओलावा जातो आणि मखमलीवर डाग राहतात. माझी बहीण नागपूरला असते, तिची वेल कूलरच्या खोलीत माझ्यापेक्षा चांगली चाललीये, फक्त झोत थेट पानावर येऊ देत नाही. एसीच्या खोलीत मात्र ठेवू नका.

आणि एक तक्रार, नाव घेत नाही कुणाचं. ऑनलाइन बाराशे रुपये देऊन मी कटिंग मागवलं, आलं ते नुसतं पान आणि देठ. महिनाभर पाण्यात हिरवं राहिलं, मग पिवळं पडून सडलं. पेरच नव्हतं त्याला, फुटणार कुठून? उसाचं बेणं कुणी डोळा न बघता लावतं का? तसंच आहे हे, पेर आणि त्यावरचा डोळा दिसत नसेल तर पैसे देऊ नका, आणि विकणाऱ्यांनीही असं विकू नये, पैशाइतकाच माणसाचा उत्साह मोडतो. भोकाभोकांच्या पानांच्या मॉन्स्टेरा अ‍ॅडन्सोनीला तिच्यासारखीच दिसणारी दुर्मिळ ऑब्लिका म्हणून दुप्पट-तिप्पट किमतीला विकणं तर सर्रास चालतं.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर वेल उंचावर ठेवा. ही अळू-सुरणाच्याच कुळातली, कच्च्या अळूने घसा खाजतो तेच कॅल्शियम ऑक्झलेट हिच्या पानातही असतं, चावलं तर तोंड सुजतं. हे पुरवणीच्या त्या पानावर दोन ओळींत तरी यायला हवं होतं.

लोक तुमची पुरवणी कापून ठेवतात, माझ्या सोसायटीत दोघींनी तो फोटो बघून वेल आणलीसुद्धा. म्हणून विनंती आहे की पुढच्या रविवारी तेवढी दुरुस्ती छापा. पूर्वेची खिडकी, काचेपासून दोन-तीन फूट, मधे पातळ पडदा.

- एक वाचक, कोथरूड, पुणे