जहाज थांबत नाही, म्हणून शुक्रवारीच पोहोचा

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची विमानाची तिकिटे मी काल काढली. तुमच्या समुद्रसहलीचे जहाज रविवारी, २५ ऑक्टोबर २०२६ रोजी सुटते आणि तुम्ही शुक्रवारी, २३ तारखेला दुपारी रोमच्या विमानतळावर उतरता. बाबा, रविवारी सकाळी पोहोचलो तरी चालेल, हॉटेलात दोन रात्री उगाच कशाला, असे तुम्ही फोनवर म्हणाला होता. मी तेव्हा गप्प राहिले, कारण तुमच्याशी फोनवर वाद घालणे मला कधीच जमलेले नाही आणि आवाज जरा चढला की आई विषय बदलते. तुमच्या मनाविरुद्ध हा निर्णय घेताना मला फार जड गेले, म्हणून त्यामागची सगळी कारणे लिहून कळवते आहे. ती वाचून तुम्ही रागावलात तरी चालेल, पण तिकिटे मात्र बदलू नका.

पहिली गोष्ट अशी की सहलीच्या कागदांवर रोम असे छापले असले तरी जहाज रोममधून सुटत नाही. ते चिवितावेक्किया नावाच्या बंदरातून सुटते आणि ते बंदर शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटर दूर आहे. जहाज कंपन्यांची ही रीतच आहे: लंडन म्हणून साउदॅम्प्टन, पॅरिस म्हणून ल आव्र आणि बर्लिन म्हणून थेट बाल्टिक किनाऱ्यावरचे वार्नेम्युंड. नकाशा न पाहता विमानाची वेळ ठरवणाऱ्याला हे अंतर शेवटच्या क्षणी कळते.

आता तुम्ही सुचवलेल्या विमानाचा हिशोब तुमच्याच पद्धतीने, घड्याळ समोर ठेवून करते. ते विमान रविवारी साडेअकराला उतरते. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५पासून बाहेरून येणाऱ्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे आणि तुमची ही पहिलीच नोंद असल्याने त्या रांगेला मी दीड तास धरते. बॅगा येईपर्यंत पाऊण तास, बंदरापर्यंतच्या रस्त्याला सवा तास. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी तीन वाजले. जहाज पाचला सुटते हे खरे, परंतु तुमच्या कागदांवर खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की नोंदणी साडेतीनला बंद होते, आणि त्यानंतर दारात उभ्या असलेल्या माणसालाही सहसा आत घेत नाहीत. हाती उरतो तो अर्धा तास. आईचे गुडघे आणि दोन मोठ्या बॅगा असताना तेवढ्यावर विसंबण्याचे धैर्य माझ्यात नाही.

जहाज दोन माणसांसाठी थांबेल अशी आशा धरू नका. धक्क्यावरची जागा, बंदरातून बाहेर काढणारा पायलट आणि पुढच्या बंदरातली वेळ हे सगळे आधीच ठरलेले असते, आणि उशीर भरून काढायचा तर जहाज वेगाने हाकावे लागते व इंधन फार जळते. मागे राहिलेल्यांनी पुढच्या बंदरात स्वतःच्या खर्चाने यायचे, तेही कंपनीने परवानगी दिली तर. तुमच्या सहलीत सोमवारी दिवसभर समुद्र आहे आणि मंगळवारी सान्तोरिनी. ते बेट आहे. जहाज तिथे धक्क्याला न लागता खोल पाण्यात उभे राहते आणि माणसांची ने-आण छोट्या बोटींतून होते. अथेन्सला विमान बदलून, सामान घेऊन, आईने त्या बोटीत चढायचे, हे चित्र मला डोळ्यांसमोरसुद्धा आणवत नाही.

मग शनिवारी का नाही, असे तुम्ही विचारणार. विमान रद्द झाले तर दुसऱ्या दिवसाचे मिळावे यासाठी एक दिवस पुरतो, हे मला मान्य आहे. दुसरा दिवस मी बॅगांसाठी ठेवला आहे. मागे राहिलेली बॅग बहुधा एक-दोन दिवसांत सापडते आणि तुम्ही एका पत्त्यावर असाल तर ती तिथे पोहोचवली जाते. तुम्ही जहाजावर असाल तर मात्र ती बॅग बंदरामागून बंदर तुमचा पाठलाग करत राहते. शिवाय इटलीत विमानतळांवर संप अधूनमधून होतात. कायद्याने त्यांची सूचना किमान दहा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मी रोज बातम्या पाहीन. ती काळजी तुम्ही करायची नाही, ती माझ्याकडे राहू द्या.

बाबा, गाडीच्या वेळेआधी दीड तास फलाटावर पोहोचण्याचा नियम आपल्या घरात कोणी घातला होता? होल्डॉलवर मला बसवून तुम्ही डब्याचा क्रमांक पुन्हा पुन्हा वाचायचे आणि आई ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या यादीवर बोट फिरवत राहायची. तेव्हा तुमच्या बोटाला धरले की गाडी चुकणे ही गोष्ट जगात आहे, याचीच मला आठवण राहायची नाही. तीच निश्चिंती तुम्हा दोघांना मिळावी एवढीच माझी इच्छा आहे. मावशीच्या वेळी काय झाले ते मी इथे लिहीत नाही. तुम्हालाही ते आठवते, म्हणूनच माझे म्हणणे तुम्ही समजून घ्याल.

तिकिटे मी एकाच आरक्षणावर काढली आहेत. दोन वेगवेगळी तिकिटे घेतली असती तर स्वस्त पडले असते, हे तुम्ही शोधून काढालच. पण मग पहिल्या विमानाला उशीर झाल्यावर दुसऱ्या कंपनीने जबाबदारी घेतली नसती आणि मधल्या विमानतळावर बॅगा काढून पुन्हा द्याव्या लागल्या असत्या. एका आरक्षणात पुढचे विमान चुकले तर दुसरे देणे त्यांच्याकडे लागते. मधला थांबा साडेतीन तासांचा निवडला आहे. तो लांब वाटेल, पण आईसाठी मागितलेली चाकाची खुर्ची कधी उशिरा येते, सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि फाटक दूर असते. जहाज कंपनीही विमानाची सोय करून देत होती आणि उशीर झाला तर मदतीची हमीही देत होती. त्यांचा थांबा सत्तर मिनिटांचा होता, म्हणून मी नकार दिला.

राहण्याची सोय चिवितावेक्कियातच केली आहे, म्हणजे रविवारी सकाळी महामार्ग, रेल्वे, काहीच मध्ये येणार नाही. हॉटेलला लिफ्ट आहे, खोली मागच्या शांत बाजूला मागितली आहे आणि बाथटब नसलेली न्हाणी आहे याची मी लिहून खात्री करून घेतली आहे. आई, पाय उचलून आत जावे लागणार नाही. खोलीत पाणी तापवण्याची किटली आहे, छोटा फ्रीज आहे, त्यात बाबांचे इन्शुलिन राहील. बाबा, हे बंदर सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतले होते आणि धक्क्याजवळ मायकेलअँजेलोचे नाव लाभलेला जुना किल्ला आहे. शनिवारी सकाळी सावकाश तिथवर जाऊन या. रोम पाहायला मात्र शनिवारी जाऊ नका, कितीही मोह झाला तरी. परत आल्यावर जहाजातून सकाळी उतरवतात. त्या दिवसाचे विमान मी घेतलेलेच नाही, रात्र रोममध्ये आहे आणि विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आहे. कलोसियम तेव्हा, डोक्यावर कसलीच घाई नसताना पाहा.

आता काही गोष्टी मी सांगते तशाच करायच्या.

औषधे दोघांचीही हातातल्या बॅगेत, ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभराची जास्त, आणि सोबत औषधांची मूळ नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. इन्शुलिन खाली सामानात टाकले तर गोठू शकते, म्हणून ते बाबांच्या हातातच राहील. जहाजाच्या धक्क्यावरही मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या केबिनच्या दारी पोहोचायला संध्याकाळ होते, तेव्हा औषधे, पासपोर्ट, चष्मा आणि आईची शाल त्या बॅगांत जाता कामा नये. विमानतळावर बॅगेला पट्टी लावतील तेव्हा तिच्यावर फ्युमिचिनो विमानतळाचे ‘एफसीओ’ हे संकेताक्षर आहे ना, हे बाबांनी स्वतः वाचायचे.

बाबा, विमानात दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालायचे. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात बसून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आढळले आहे. मूळ धोका लहान आहे, घाबरण्यासारखे काही नाही, पण सहज उठता यावे म्हणून दोघांनाही मार्गिकेकडच्या जागा घेतल्या आहेत. विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, तेव्हा मागच्या वर्षीच्या दवाखान्यातल्या दिवसांनंतर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि इन्शुलिनच्या वेळा बदलत्या घड्याळाप्रमाणे कशा ठेवायच्या तेही लिहून घ्या. विम्याच्या अर्जात रक्तदाब, साखर आणि ते सगळे मी स्पष्ट लिहिले आहे. शेन्गेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण मी घेतलेल्या विम्यात जहाज चुकणे आणि जहाजावरून रुग्णाला हलवणे हेही येते. जहाज तुर्कस्तानात कुशादासीला जाऊन पुन्हा युरोपात शिरते, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे हे पासपोर्ट हातात येताच तपासा आणि मला छायाचित्र पाठवा.

घड्याळाचेही सांगून ठेवते. २५ तारखेच्या पहाटे युरोपात घड्याळे एक तास मागे जातात. फोन आपोआप बदलेल, बाबांचे मनगटी घड्याळ बदलणार नाही. तुर्कस्तानात मात्र घड्याळे बदलत नाहीत. म्हणून किनाऱ्यावर उतरताना फोनवर न विसंबता जहाजावर जाहीर केलेली वेळ कागदावर लिहून न्या आणि परतण्याच्या वेळेआधी तासभर जहाजावर या.

मला सोबत येता येत नाही याचे दुःख आहे. तुमच्या नातीची परीक्षा त्याच आठवड्यात आहे, आणि तिला सोडून ये असे तुम्हीही म्हणणार नाही. आई, तू आयुष्यभर सगळ्यांच्या वेळा सांभाळल्यास. या प्रवासात तुला कुठेही धावावे लागू नये, हे मी प्रत्येक तिकीट निवडताना पाहिले आहे. दोन रात्रींचा खर्च तुमच्या पैशांतून केलेला नाही, तेव्हा बाबांनी त्याचा हिशोब वहीत मांडू नये.

पत्र मिळाले की आईचा हात कोणत्या बाजूला मोकळा हवा ते कळवा, म्हणजे तिची जागा मार्गिकेच्या डाव्या की उजव्या बाजूला घ्यायची ते ठरवता येईल.

तुमचीच,
लेक

ता. क. : आई, नवे बूट प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. आजपासून घरात रोज थोडा वेळ घाल.